चाळीच्या पोटातलं घर

मास्तर, आधी मला ह्ये सांगा, माजं ऐकून नि लिवून तुमी करनार काय? न्हाय, राग मानू नका, इचारलेलं बरं असतं. तुमी शेठच्या चाळीत वरच्या मजल्यावर भाड्यानं ऱ्हाता, म्हंजे शेठचं नि तुमचं जाता-येता बोलनं व्हत असनार, नि बोलनं व्हतं तितं माजं नाव निघत असनार. बरं, लिवा. पन लिवून झालं की मला वाचून दाखवायचं, नि वाचताना माज्या गोदीला शेजारी बसवायचं, माजी पोर चार बुकं शिकलेली हाय, तुमी लिवलं एक नि वाचलं दुसरं तर तिला बरोबर कळंल. हां, आता इचारा.

माजं नाव जना. माहेर पेनच्या खालच्या अंगाला, खारपट्टीत, जितं बघावं तिकडं पानी, पन प्यायला घोटभर न्हाय. बाप मिठागरावर. मीठ पिकवायचं आमी, ऊन खायचं आमी, पाय खारानं फाटायचे आमचे, नि माप धरायला मात्र गलबतावरचा मानूस. मापात पाप, ह्ये मी पाळन्यात असल्यापासनं ऐकलं. बाप सांगायचा, जने, मीठ मोजताना त्या मानसाच्या तोंडाकडं बघू नकोस, तोंड ग्वाड असतं, हाताकडं बघ, आंगठा मापाच्या आत हाय का भायेर त्ये बघ. काय सांगू तुम्हाला, लग्नात अंतरपाट धरला तवा पोरी नवऱ्याचं तोंड बघायला मान वाकडी करतात, मी खाली वाकून नवऱ्याचे हात बघितले. सगळे हसले. हमालाचे हात व्हते, घट्टे पडलेले, पन बरे व्हते, नि मानूसबी बरा निघाला.

त्ये हितं रेवदंड्याला बंदरावर गोनी उचलायचे. ही आपली खारी आळी, तवा दोन्ही अंगाला बैठी घरं, वर नळ्यांची कौलं, पुढं ओटी, मागं नारळ, एकीनं फोडनी दिली की चार घरांत ठसका लागायचा. मग ती मानमोडी आली. तापाचीच साथ ती, पन ताप चढला की मानूस मानच टाकायचा, आज ओटीवर बसून पान खानारा परवा दिसायचा न्हाय. आमचा सासरा गेला, मागनं घरधनी गेला, त्याच्या मागनं माजा बाळू गेला, नुकता पळायला लागला व्हता. तिघं आमच्या मधल्या घरात, म्हंजे माजघरात, एकाच भिंतीच्या कडंला, एकामागं एक. गोदी तवा अंगावर पीत व्हती. तिला छातीशी धरून मी माहेरी पळाले, कारन आळीत रडायलासुदीक कुनी उरलं नव्हतं.

पावसाळा गेल्यावर परत आले नि बघते तर माज्या घराला दार न्हाय. चौकट हाय, दार न्हाय. घरातली भांडी तशीच, कोनाड्यातला दिवा तसाच, नि दार गेलं. म्हनलं, चोर आला तर भांडी टाकून दार कशाला नेईल? हे घरच्याचंच काम. माजा दीर चौलच्या अंगाला ऱ्हायचा, तडक त्याच्याकडं गेले, तर माज्या घराचं दार त्याच्या गोठ्याला लावलेलं, नि त्यावर शेनाची बोटं. मी म्हनलं, भावजी, ह्ये काय? तर म्हनतो, वहिनी, उघडं घर बघून कुनी तरी नेलं असतं, म्हनून जपून ठेवलं. जपून ठेवलं! गोठ्याला लावून! त्या दिवसापासनं, मास्तर, कुनी मला म्हनलं की जना, ह्ये तुज्या भल्यासाठी करतोय, की मी आधी माजं दार जागेवर हाय का ते बघते. दार काय मिळालं न्हाय. फळ्या ठोकून नवं केलं.

आळी भकास झाली व्हती. अर्ध्या घरांत मानूस न्हाय, पावसानं भिंती बसल्या, कौलं लोकांनी उचलून नेली, ओटीवर गवत. दोन-चार बायका उरल्या व्हत्या, एक ही सकू, जिच्या ओटीवर आता आपन बसलोय ती. मी नि सकू मिळंल ते काम करायचो. असं चाललं व्हतं नि एक दिवस दाजीशेठ आला.

शेठ काय कुनी परका न्हाय, ह्याच आळीतला. मिसरूड फुटायच्या आधी आगबोटीत बसून म्हमईला गेला, लाकडाच्या वखारीत राबला, मग वखार त्याचीच झाली, कशी झाली ते देवाला ठावं. आला तो डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातात छत्री. बापाचं घर पडलेलं, त्याच्यापुढं उभा ऱ्हायला नि डोळे पुसायला लागला. सकू म्हनाली, बघ गं, कसा कळवळला. मी म्हनलं, सकू, तू डोळे बघतीस, मी पाय बघतेय. डोळे पुसता पुसता ह्याचे पाय चालले व्हते, ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत, पावलाला पाऊल लावून. म्हनलं, हा रडतोय का जागा मापतोय?

तर जागाच मापत व्हता. चार दिवसांनी देवळात सगळ्यांना बोलावलं नि म्हनला, ही आळी पुन्हा वसवायची. पडकी घरं काढून एक चाळ बांधायची, दगडी पाया, विटांची भिंत, मंगळोरी कौलं, खाली खोल्या, वर माडी, माडीवर भाडेकरी ठेवायचे, मास्तर लोक, पोष्टातले लोक. नि ज्यांची ज्यांची जागा त्यांनी ती मला द्यायची, त्यांना खाली दोन-दोन खोल्या, त्यांच्या हयातीत नि त्यांच्या पोराबाळांच्या हयातीत, भाडं न्हाय. बेलभंडारा उचलून शब्द देतो म्हनला. नि उचललासुदीक, देवापुढं, सगळ्यांदेखत. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मी मागं बसून इचार करत व्हते की म्हमईहून हितं येऊन, मागंपुढं कुनी नसलेल्या रांडमुंड बायांना फुकट खोल्या देनारा हा कोन हरिश्चंद्र लागून गेला? नि माजी जागा आळीच्या मधोमध. माज्यावाचून त्याची चाळ सलग व्हत नव्हती. म्हंजे गरज त्याला, नि बोलायचा असा की जशी मला.

मी म्हनलं, मी देवाला इचारीन. देवाला इचारायचं म्हंजे कौल लावायचा, तुमी घाटावरचे, तुम्हाला ठावं नसंल म्हनून सांगते. गुरव देवाच्या अंगाला उजवीकडं नि डावीकडं भिजवलेले तांदळाचे दाने चिकटवतो, आपन गाऱ्हानं घालायचं, नि उजवीकडचा दाना आधी पडला तर देव व्हय म्हनला, डावीकडचा पडला तर न्हाय म्हनला. मी पदर पसरून म्हनलं, देवा, माजी जागा दाजीशेठला दिली तर माजं बरं व्हईल का? गुरव उभा, शेठ उभा, सकू उभी, सगळी आळी उभी. नि पडला तो उजवा. टपकन पडला. सकूनं हात जोडले, शेठनं टोपी काढली.

पन मी गुरवाच्या हाताकडं बघत व्हते ना. त्यानं डाव्या अंगाला दाना दाबून लावला व्हता नि उजव्या अंगाला नुसता टेकवला व्हता, असं मला दिसलं. नि त्याच्या अंगावर नवं धोतर व्हतं. गुरवाला सनावाराशिवाय नवं धोतर कुठनं आलं? मी म्हनलं, पुन्हा लाव. गुरव म्हनला, बाय, एकदा दिलेला कौल पुन्हा मागत न्हाय, ती देवाची परीक्षा व्हते. मी म्हनलं, देवाची न्हाय, तुजी. पानी माज्या तांब्यातलं, तांदूळ माज्या पदरातले, नि दोन्ही दाने सारखे लाव. तो चिडला, पन लावले. लय वेळ काय पडंना. मग पडला. डावा.

झालं. मी म्हनलं, ऐकलंत? देव न्हाय म्हनतो. गुरव म्हनला, देवाचा पहिला शब्द खरा. मी म्हनलं, मग दुसऱ्यांदा देव खोटं बोलला का? बोल की, देव खोटं बोलला का? सगळी मानसं खाली बघत घरी गेली. नि ह्या गावात आजसुदीक म्हनतात की जनीनं देवाला दोनदा इचारलं. इचारलं तर इचारलं. माप दोनदा भरून बघितलं तर कुनाचं काय जातं?

शेठ रागावंल असं मला वाटलं व्हतं. रागावला असता तर बरं झालं असतं. पन तो ओटीवर आला, म्हनला, जनाबाय, तुजी मर्जी, तुजी जागा तुला, मी चाळ तुज्या घराला वळसा घालून बांधीन. नि हसला. आता ज्याचं काम अडलं तो मानूस हसतो कशाला? मी तवाच सकूला म्हनलं, हा आत्ता रागावला न्हाय, म्हंजे ह्याचा राग पुढं कुठं तरी ठेवलेला हाय.

नि बांधली त्यानं वळसा घालून. घोड्याच्या नालासारखी, तीन अंगांनी चाळ नि मधी माजं घर, रस्त्याकडंला तेवढं उघडं. म्हसळ्याचा हुसेन गवंडी आनला, शिंपल्या भाजायची भट्टी खाडीकडं लावली, बैलाचा घाना चुना मळायला. नि बायका लागल्या कोब्याला. कोबा तुम्हाला ठावं हाय, पायाखालीच हाय तुमच्या. विटांचे बारीक तुकडे नि चुना अंथरायचा, गुळाचं पानी शिंपडायचं नि बायकांनी रांगेत उकिडवं बसून लाकडी थापीनं बडवायचा, बडवत बडवत सरकायचं, दिवसच्या दिवस, जवर आवाज ठप्प न्हाय तर टन्न असा येत न्हाय तवर. मी त्या कामाला गेले. लोक म्हनाले, ह्या बयेला जागा द्यायची न्हाय पन मजुरी पायजे. मजुरी पायजेच, पोट हाय. पन खरं सांगू, मला बघायचं व्हतं की माज्या भिंतीला लागून हा बांधतोय काय. चर खनला की मी वाकून बघायची. हुसेनभायला इचारायची, ह्यो दगड हितं का, तो पाया माज्याकडं का सरकला? तो बिचारा म्हनायचा, बाय, अल्लाची आन, पाया सरळच हाय, तुजी भिंत वाकडी हाय. असेल. पन त्यानं आन घेतली म्हनून मी उलट जास्ती बघायला लागले.

नि रोज सकूच्या शेजारी बसून थापी मारताना तिला सांगायची, सकू, बडवून घे, ह्यावर ऱ्हानार दुसराच कुनी. तुला सांगंल चुना वाळू दे, मग सांगंल पाऊस जाऊ दे, मग म्हमईची मानसं येतील. सकू आपली थापी मारत सरकायची. नि बघा, चाळ झाली, वास्तुशांत झाली, नि शेठनं एकेकीला बोलावून चाव्या हातात दिल्या. सकूला दोन खोल्या. म्हातारी तेलीन व्हती तिला दोन खोल्या. ज्याला ज्याला शब्द दिला त्याला त्याला. मी दारात उभी राहून बघत व्हते, सकूनं उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, नि मला हाक मारली, जने, ये गं, पाटावर बस. मी गेले न्हाय. मला वाटलं, आज दिल्यात, काढून कवा घेतोय ते बघू. ते बघता बघता पंधराएक वर्सं गेली की वो.

माज्या घरात काय झालं ते सांगते. चाळ उंच, माजं घर बुटकं. ऊन यायचं ते दुपारी डोक्यावर, तेवढंच. भिंतीला ओल धरली. गोदी ल्हान व्हती, तिला पावसाळा लागला की खोकला लागायचा तो दिवाळीपर्यंत, नि वरनं चाळीतल्या बायका म्हनायच्या, जनाबाय, पोरीला वर पाठव, हितं कोरडं हाय. मी म्हनायची, माजी पोर माज्या घरात. ती खोकायची नि वरच्या पोरींच्या सागरगोट्यांचा आवाज ऐकत पडायची. मला दिसत नव्हतं असं न्हाय.

नि दुसरं म्हंजे छप्पर. दर वैशाखात, लोकं घरं शाकारतात त्या दिसांत, भर दुपारी माज्या कौलांवर पाय वाजायचे. भायेर येऊन बघावं तर चाळीच्या वरच्या मजल्याच्या कठड्यावरनं शेठचे गडी उतरलेले. मी ओरडायची, कोन रे मेल्यांनो? तर म्हनायचे, काय न्हाय मावशी, शेठच्या कौलाचा तुकडा खाली पडला तो उचलतो. दर वर्सी बरा तुकडा पडतो! मला पक्कं ठावं झालं की हे माजी बरी कौलं काढून नेतात, घर गळावं, जना कंटाळावी, नि पायावर येऊन पडावी. हाच तो राग, पुढं ठेवलेला. मग मी काय केलं, एका वैशाखाच्या आधी शिडी लावली, वर गेले नि दिसंल त्या कौलावर चुन्याचं बोट वढलं. वळखीची खून. म्हनलं, माजं कौल कुठं दुसरीकडं दिसलं की धरलाच ह्याला, पंचांपुढं उभा करते. मग बाजारात जाताना, लोकांच्या गोठ्यावर, न्हानीवर, जितं तितं कौलं बघत जायची. एक खुनंचं कौल दिसलं न्हाय. म्हनलं, म्हमईला धाडत असंल.

गोदी मोठी झाली. तिला नामा सुताराचं स्थळ आलं. हाच नामा, चाळीचे कठडे दुरुस्त करायला यायचा, मला आधी वाटलं शेठनंच पेरलाय, पोरगी वर नेली की आय आपोआप येईल. पन गोदीच हटून बसली. लग्न झालं नि त्यांनी खोली घेतली ती वरच्या मजल्यावर, कोपऱ्याची, माज्या घराच्या बरोबर डोक्यावर. मी म्हनलं, गावात दुसरी खोली नव्हती? ती म्हनली, आये, तुज्या जवळ ऱ्हावं म्हनून घेतली. मी तिच्या खोलीत एकदासुदीक गेले न्हाय. तिनं यायचं, खाली, माज्या चुलीशी बसायचं, नि जायचं.

मग तिला दिवस गेले. मी मधलं घर सारवलं, भिंतीला पांढरी माती लावली, बाज कसली, म्हनलं बाळंतपन हितं. नि पोर माज्यापुढं उभी राहून म्हनली, आये, मी माजं लेकरू ह्या अंधारात आननार न्हाय. मी सगळं ल्हानपन हितं खोकले. तुला शेठचा भरवसा न्हाय, गुरवाचा न्हाय, देवाचा न्हाय, नाम्याचा न्हाय, नि माजासुदीक न्हाय. तू बस इथं तुजं घर राखीत. नि गेली वर. मास्तर, माजी तीन मानसं गेली तवा मला जेवढं लागलं व्हतं ना, त्याच्या खालोखाल ह्ये लागलं. मी चूल पेटवली न्हाय त्या दिवशी. वरनं तिच्या पावलांचा आवाज येत व्हता, इकडनं तिकडं, जड पावलं.

एक दिवस सकाळच्या पारी नामा धावत आला, सासूबाय, चला. मग कसला इचार नि कसलं काय, मी जिना चढले. पोरगा झाला, चांगला रडला, सुईनीनं हातात दिला. मग गोदीला झोप लागली नि मी जरा वाऱ्याला म्हनून कठड्याशी आले नि सहज खाली बघितलं. माजं घर. आभाळातनं बघितल्यागत. एवढंसं! काड्याच्या पेटीएवढं. नि मग मला छप्पर दिसलं.

खुना नव्हत्या वो. म्हंजे व्हत्या, कुठं कुठं, रस्त्याच्या अंगाला, मळलेल्या. बाकी सगळीकडं कोरी कौलं, चाळीच्या अंगाची तर सगळीच कोरी, नीट एकावर एक बसवलेली, आढ्याला चुना भरलेला. मी आधी मनात म्हनलं, बघ, नेली का न्हाय माजी! नि मग दुसरा इचार आला की जुनी, फुटकी नेऊन त्याच्या जागी अख्खी ठेवनारा चोर कुठं असतो? नि चाळीत कुनाच्याच डोक्यावर नळ्यांची कौलं न्हाईत, सगळी मंगळोरी, म्हंजे ही कुठनं तरी मुद्दाम आनलेली. नि मग आठवलं की माजं घर ओलीनं भिजलं, अंधारानं भरलं, पन इतक्या वर्सांत वरनं गळलं न्हाय. मी स्वतःला म्हनायची की माज्या धन्यानं शाकारलेलं घर हाय, म्हनून टिकलंय. मी तितंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी शेठकडं गेले. आता म्हातारा झालाय, डोळ्याला कमी दिसतं. मी दारातनंच म्हनलं, शेठ, माजं छप्पर कुनी शाकारलं? तो म्हनला, मी शाकारलं, दर वर्सी. मी म्हनलं, का? नि मास्तर, मी देवाची शपथ घेऊन सांगते, तवा तो म्हनला असता ना की जनाबाय, तुज्या भल्यासाठी, माज्या आळीच्या लेकीसुनांसाठी, तर मी तिथनं उठून आले असते नि आजबी त्याच घरात बसले असते. पन तो म्हनला, अगं, तुजं छप्पर गळलं तर पानी माज्या चाळीच्या पायात मुरंल. तुज्या भिंतीला लागून माजी भिंत हाय. तुज्यासाठी न्हाय केलं, माज्या चाळीसाठी केलं. मग इतक्या वर्सांत सांगितलं का न्हाय? तर म्हनतो, सांगितलं असतं तर तू शिडी घेऊन वर गेली असतीस नि सगळी कौलं काढून बघितली असतीस.

मला हसू आलं. खरंच हसू आलं, कारन त्ये खरं व्हतं. मी म्हनलं, शेठ, पहिल्या दिवशी देवळात असं बोलला असतास, की जने, तुज्या जागेवाचून माजी चाळ अडलीय, तर मी तवाच दिली असती. तू बेलभंडारा काय उचलत बसलास? तो म्हनला, आता बोलतो, अजून अडलीय. दोन अंगं जोडायची हाईत. खोल्या तेवढ्याच, शब्द तोच. मी म्हनलं, बरं. गुरवाला कळलं तसा तो आला, म्हनला, बाय, कौल लावायचा का? मी म्हनलं, नको बाबा, देवाला दोनदा इचारून झालंय, तिसऱ्यांदा इचारलं तर तोच मला इचारंल.

तर आता बघा, समोर. गेल्या थंडीत घर उतरवलं. मी हितंच, सकूच्या ओटीवर बसून एकेक वासा मोजून घेतला, सकू म्हनली, आता तरी बस की गं गप, मी म्हनलं, सवय हाय. हुसेनभाय म्हातारा झाला, आता त्याचा पोरगा येतो, त्यालासुदीक मी इचारलं, पाया सरळ हाय का? भिंती चढल्या, काल मंगळोरी कौलं चढली. दोन खोल्या, दोन्हींना खिडक्या. मी नि गोदी नि नामा नि पोर. चावी शेठनं द्यायची हाय. देईल. देईल असं वाटतं. हातात आली की तुम्हाला सांगते, तवर लिवू नका.

उद्यापासनं कोबा. शेठ म्हनला, जनाबाय, पोरी लावतो, तू बस आरामात. आतल्या खोलीला मी न्हाय म्हनलं, ती माज्या मधल्या घराच्या जागेवर येते. लोकांना वाटतं जना शेठवर इश्वास न्हाय म्हनून घर धरून बसली. तो नव्हताच. पन इश्वास असता तरी मी उठले असते का ते मला ठावं न्हाय, ह्ये आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगते. त्या मधल्या घराच्या भुईवर माजी तीन मानसं गेली. तिघांच्या तोंडात मी घातलेलं पानी त्याच भुईवर सांडलं. रोज सकाळी सारवताना माजा हात त्यांच्यावरनं फिरायचा. आता तितं मुरूम पडला, त्यावर चुना पडंल, नि त्यावर परक्या पोरी गानी म्हनत थापी हानतील? न्हाय. सगळ्यांची भुई मी बडवून दिली, माजी मीच बडवीन. गुडघे दुखतात, वेळ लागंल, लागू दे.

देव तुमचं बरं करो मास्तर, तुमच्या पोराबाळांना भरलं घर मिळो. गोदीचं पोर आता रांगायला लागलंय, त्याला कोरडी भुई पायजे, त्याच्यासाठी करायचं. पन उद्या वर आवाज आला न्हाय तर असं समजू नका की काम बंद हाय. मी हळू मारनार हाय.